पोलिसांची काठी आणि नागरिकांचा हक्क : महाराष्ट्राच्या इतिहासातील काही धडे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पोलीस ठाण्याच्या पायरीविषयी अशी म्हण करण्याची कोणाला गरजही वाटली नाही, इतकी तिची धास्ती सर्वांच्या मनात आधीपासूनच बसलेली आहे. चांदीचा माल घेऊन परपेठेस निघालेला हुपरीचा कारागीर असो, इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करून घरी परतणारा कामगार असो किंवा उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलेला शेतकरी असो. खाकी वर्दीतील माणसाने हटकले की निरपराध माणसाच्याही छातीत धस्स होते. आपला माल चोरीस गेला तर मात्र आपण त्याच ठाण्यात धाव घेतो. भीती आणि गरज यांचा हा विचित्र संबंध कोठून आला? पोलिसांना बळ वापरण्याचा अधिकार कोणी दिला, त्याला वेस कोठे आहे आणि ती ओलांडली गेल्यास जाब कोणी विचारावयाचा? या प्रश्नांची उत्तरे आपल्याच मुलखाच्या इतिहासात विखुरलेली आहेत. विद्यार्थ्यांनी व पालकांनी ती एकत्र पाहावीत, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

राजाही सुटला नाही

सरकारी पहाऱ्यात असलेल्या माणसाचा जीव किती असुरक्षित असतो, हे कोल्हापूरने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे, आणि तो माणूस कोणी सामान्य रयत नव्हता. करवीरच्या गादीवर १८७१ साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असे ठरवून इंग्रज सरकारने त्यांना गोऱ्या रखवालदारांच्या स्वाधीन केले. महाराजांचा छळ होत आहे, अशी कुजबूज महाराष्ट्रभर सुरू झाली. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. त्याबद्दल बदनामीचा खटला होऊन १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोन तरुण संपादकांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात हलविण्यात आले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

बंद दरवाजाआड काय घडले हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. पहारेकरी सांगेल तेच खरे धरावे लागते. जेथे राजाची ही गत, तेथे रयतेचे काय? कोठडीतील मृत्यूचा प्रश्न येथून आजपर्यंत तसाच चालत आला आहे.

याच गादीवर १८८४ साली दत्तक आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी मात्र पोलिसी जाचाच्या एका प्रथेला हात घातला. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गुन्हा केलेला असो वा नसो, गावच्या पोलीस पाटलापुढे रोज हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. जन्माने माणूस गुन्हेगार ठरे. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात या जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी जवळ करून पहाऱ्याची कामे दिली. इंग्रजी मुलखातला १८७१ पासूनचा 'गुन्हेगार जमाती'चा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे महाराजांच्या या हुकुमाची थोरवी कळते. कोल्हापुरात १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय लावून देणारा राजा तो हाच. शिक्षण देणे आणि संशयाखालून माणसाला मोकळे करणे, ही दोन्ही कामे त्यांच्या दृष्टीने एकाच जातीची होती.

काठी कोणासाठी?

आजच्या पोलीस दलाचा सांगाडा इंग्रजांनी उभा केला. १८५७ च्या उठावानंतर १८६१ साली हिंदुस्थानचा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्यात १८६७ व १८९० साली जिल्हा पोलिसांसाठी वेगळे कायदे झाले. दलाची रचना आयर्लंडमधील सशस्त्र पोलिसांच्या धर्तीवर होती आणि हेतू एकच होता: जित प्रजेला धाकात ठेवणे. पोलीस जबाबदार होता तो साहेबाला, गावाला नव्हे. खुद्द सरकारचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. म्हणून तर १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे कलम घालावे लागले. मारहाण करून कबुली घेतली जाते, ही त्या कलमामागची उघड कबुलीच होती. १९०२-०३ साली नेमलेल्या फ्रेझर आयोगानेही पोलीस दल अकार्यक्षम, भ्रष्ट व जुलमी असल्याचा निष्कर्ष काढला होता. देश स्वतंत्र झाला, १९५१ साली मुंबई पोलीस कायदा आला आणि पुढे त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस कायदा असे झाले. तथापि जुन्या इमारतीला नवा रंग दिला म्हणून तिच्या खोल्या बदलत नाहीत.

सोलापूर ते फ्लोरा फाउंटन

परक्या राज्याची बंदूक महाराष्ट्राने अनेकदा अनुभवली. ८ मे १९३० रोजी सोलापुरात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. चिडलेला जमाव मंगळवार पोलीस चौकीवर चालून गेला आणि त्यात पोलीस शिपाईही मारले गेले. सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन हा 'गजनफर' या पत्राचा तरुण संपादक, वय विशीच्या आसपास. चार वेगवेगळ्या जातिधर्मांची चार माणसे एका दोराला लटकली; सोलापूरकरांनी त्यांची नावे कधी वेगळी केली नाहीत. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असले पाहिजे.

१९४२ च्या लढ्यात ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार झाला. १३ डिसेंबर १९४२ रोजी आपल्या जिल्ह्यातील गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी स्वामी, वारके आदी सात जण हुतात्मे झाले. राज्य परके होते. त्याने आपल्याच बंदुकीला जाब विचारावा, अशी अपेक्षा कोणी धरली नव्हती.

स्वराज्यात ही अपेक्षा धरणे मात्र रास्त होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला व १५ जण मरण पावले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा गोळ्या सुटल्या. त्याच महिन्यात बेळगाव आणि निपाणीकडेही सीमाभागातील मराठी माणसे गोळीबाराला बळी पडली. या चळवळीतील हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, अशी मागणी झाली आणि ती नाकारली गेली. तेव्हा केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि चौकशी नाकारल्याबद्दल लोकसभेत उघड नाराजी व्यक्त केली. इंग्रजांच्या नोकरीत उमर घालवलेला, शांत वृत्तीचा हा विद्वान माणूस. गोळी झाडणे योग्य होते की अयोग्य, याचा निकाल झाडणाऱ्याने स्वतःच देऊ नये, हे साधे तत्त्व त्यांनी खुर्चीपेक्षा मोठे मानले. पोलीस सुधारणेचा सारा इतिहास पुढे याच एका मागणीभोवती फिरलेला दिसतो.

भिवंडी : एका गावाची तीन रूपे

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. आपल्या इचलकरंजीचे भावंडच म्हणा. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी जळगावात व त्यासोबत महाड भागातही आग पसरली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दिनशा पिरोशा मादन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी वर्षानुवर्षे साक्षी-पुरावे तपासून १९७५ साली अहवाल दिला. दंगलीचा तपास करण्यासाठी भिवंडीत पोलिसांचे जे खास तपास पथक नेमले होते, त्याने धर्म पाहून तपास केला, एका समाजाच्या माणसांना नाहक गोवले व दुसऱ्या समाजाच्या आरोपींना मोकळे सोडले, असा स्पष्ट ठपका न्यायमूर्तींनी ठेवला.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पोलिसांचे बळ म्हणजे केवळ काठी आणि गोळी नव्हे. कोणाचे नाव फिर्यादीत घालावयाचे, कोणाला पकडावयाचे, कोणाची साक्ष नोंदवावयाची हेही बळच होय, आणि लेखणीची ही मार काठीपेक्षा अधिक काळ टिकते. काठीचा वळ महिन्यात जातो. खोट्या फिर्यादीत तरुणाची दहा वर्षे जातात.

अहवाल आला आणि फडताळात गेला. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकारने अहवाल सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली याच्या टिपणासह विधिमंडळापुढे मांडावा, एवढेच बंधन आहे. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

भिवंडीचे तिसरे रूप मात्र सर्वस्वी वेगळे आहे. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दंगल उसळल्यावर पुढाऱ्यांना बोलावून चहा पाजण्याची 'शांतता समिती' गावोगाव असतेच. खोपडे यांची रीत निराळी होती. गल्लीगल्लीतील दोन्ही समाजांची साधी माणसे त्यांनी एकत्र बसवली: मागवाले, दुकानदार, रिक्षावाले. त्यांच्यासोबत त्या भागाचा पोलीस शिपाई असे. बैठका दंगल नसतानाही नियमाने होत. नळाचे भांडण, मिरवणुकीचा रस्ता, कोणा पोराची आगळीक असे लहानसहान तंटे तेथल्या तेथे मिटू लागले. शिपायाला माणसे नावाने ओळखू लागली आणि माणसांना शिपाई.

६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई धगधगत असताना, दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. एका पोलीस अधिकाऱ्याने, कायद्यात एकही शब्द न बदलता, केवळ कामाची रीत बदलून हे साधले. या अनुभवावर खोपडे यांनी मराठीत पुस्तकही लिहिले. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी व सुशोभा बर्वे आदी कार्यकर्त्यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ चालवली.

तथापि चांगली रीत माणसागणिक टिकते, संस्थेत मुरत नाही, हेही भिवंडीनेच दाखवले. जुलै २००६ मध्ये तेथे पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून तंटा झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. त्या शिपायांचीही बायकामुले होती. पोलिसांच्या अत्याचाराचा निषेध करणाऱ्या समाजाने पोलिसांच्या हत्येचाही तितक्याच मोकळ्या मनाने निषेध करावयास हवा. एरवी आपल्या न्यायाच्या मागणीला वजन राहत नाही.

मुंबईचे आकडे

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी केली. आयोग १९९६ च्या जानेवारीत बरखास्त झाला, मे महिन्यात पुन्हा जिवंत झाला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. त्यातील आकडे कोरडे आहेत, पण बोलके आहेत. एकूण मृत ९००. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर. मृत्यूच्या कारणांत सर्वांत मोठा आकडा पोलीस गोळीबाराचा आहे: ३५६. भोसकून ३४७ जण मेले. जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८० आणि खाजगी गोळीबारात २२ जण गेले. उरलेले ४ मृत्यू अन्य कारणांचे. दंगल शमविण्यासाठी असलेल्या बंदुकीने दंगलखोराच्या सुऱ्याहून अधिक माणसे मारली, हे वाचून कोणाही विचारी माणसाचे मन सुन्न होईल. पोलिसांत मुस्लिम समाजाविषयी पूर्वग्रह असल्याचे आयोगाने नोंदवले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. ज्यांनी कर्तव्य बजावले त्यांचीही त्याने दखल घेतली. पुढची कारवाई मात्र फारच तोकडी झाली. अहवालानंतर चोवीस वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला बेपत्ता १०८ जणांच्या वारसांचा शोध घ्या आणि पोलीस दलाविषयी स्वीकारलेल्या शिफारशी अमलात आणा, असे राज्य शासनास सांगावे लागले.

हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा आहे असे मानणे मात्र चुकीचे होईल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या दलित वस्तीवर राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या व १० माणसे मारली गेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकास दोषी धरून जन्मठेप दिली. पुढे अपिलात उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरात विधानभवनावर गेलेल्या गोवारी आदिवासींच्या मोर्चात लाठीमार होऊन चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बायका-मुले फार होती. ऑगस्ट २०११ मध्ये मावळात पवनेच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेले तीन शेतकरी आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ऊस आंदोलनात सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे एक शेतकरी पोलिसांच्या गोळीला बळी पडला. मुसलमान, दलित, आदिवासी, शेतकरी: ज्याचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही, त्याच्यावर काठी लवकर उगारली जाते, एवढाच याचा अर्थ.

याची दुसरी बाजूही आहे. जेथे बळ वापरणे कर्तव्य असते तेथे हात आखडता घेणे, हाही दोषच. आपल्या जिल्ह्यात ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दगडफेक व लाठीमार झाला. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या वाटेवरील गजापुरात जमावाने मुस्लिम वस्तीतील घरांची व मशिदीची नासधूस केली. त्या दिवशी पोलिसांनी काय केले, ही विचारणा उच्च न्यायालयापर्यंत गेली. शाहू महाराजांच्या भूमीत ही वेळ यावी, याचे शल्य या जिल्ह्यातील सर्व समाजांच्या जाणत्या माणसांना आहे.

कोठडीच्या भिंतीआड

गोळीबार दिवसाढवळ्या होतो. कोठडीतला मार कोणाला दिसत नाही. २६ मार्च १९७२ रोजी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब, अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, अशी कारणे देण्यात आली. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले: ठाण्यात रात्री अडकलेल्या मुलीचे गप्प राहणे म्हणजे संमती कशी? त्या पत्राने देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारास कडक शिक्षा आली, आणि मुलगी संमती नव्हती म्हणाली तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, असा नियम झाला. चार शिक्षकांच्या लेखणीने काय घडू शकते, याचा हा दाखला शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत नोंदवण्याजोगा आहे.

त्यानंतरही कोठडीची कहाणी संपली नाही. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून पकडलेला मूळचा परभणीचा एक तरुण अभियंता जानेवारी २००३ मध्ये आपल्या ताब्यातून पळाला, असे पोलिसांनी सांगितले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात तो कोठडीतच मरण पावल्याचे निघाले. वीस वर्षे उलटली तरी खटल्याचा निकाल लागला नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये येथून जवळच सांगली शहर पोलीस ठाण्यात लूटमारीच्या आरोपावरून पकडलेला तरुण मारहाणीत मेला, त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला आणि तो पळून गेल्याचा बनाव रचला, असा आरोप होऊन उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली. एक तरुण मुस्लिम, दुसरा हिंदू. 'पळून गेला' हे स्पष्टीकरण दोन्हीकडे एकच. शेजारच्या मुलावर आलेले संकट आपले नाही असे समजणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

सुधारणा कोठे अडली?

काय करावयास हवे, हे सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला आणि १९७९ ते १९८१ या काळात त्याने आठ अहवाल दिले. पोलीस सत्ताधाऱ्यांच्या दावणीला बांधलेला आहे, तेव्हा त्याची दोरी कायद्याच्या हाती द्या, हे त्यांचे सार. ते अहवाल पडून राहिले. पोलीस महासंचालकपदावरून निवृत्त झालेले प्रकाश सिंह यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे मुदत द्या, बदल्या-बढत्यांसाठी अधिकाऱ्यांचे मंडळ नेमा, गुन्ह्याचा तपास व बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असे आदेश झाले. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. देशमुखांनी १९५६ साली जी बाहेरच्या चौकशीची मागणी केली होती, तिला कायद्यात जागा मिळण्यास अठ्ठावन्न वर्षे लागली. प्राधिकरणाची माहिती मात्र खेड्यापाड्यांत फारच थोड्यांना आहे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. त्याला मंजुरी देऊन तसा कायदा करण्याचे काम त्यानंतरच्या पाव शतकातही झाले नाही.

सुधारणेचा विचार करताना शिपायाच्या हालअपेष्टाही पाहिल्या पाहिजेत. सण सर्वांचे, बंदोबस्त त्याचा. बारा-बारा, कधी त्याहून अधिक तास उभे राहणे, पडकी वसाहत, वरून साहेबाचा दम. शिणलेल्या आणि अपमानित माणसाच्या हाती काठी दिली की तिचा राग दुबळ्यावर निघतो. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती कल्पना एका साध्या शिपायाची होती. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हाती केवळ लाठी असताना तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक छातीवर धरून ठेवली, ती लाठीही पोलिसांचीच. त्या लाठीला सारा देश वंदन करतो. सुधारणेची मागणी ही पोलिसांविरुद्धची तक्रार समजू नये; ओंबळे यांच्यासारख्यांची शान राखण्याचा तो मार्ग आहे.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, हक्क ठाऊक करून घ्यावेत. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, असे राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते. अटकेचे कारण सांगणे, अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही घेणे, घरच्यांना कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे आणि वकिलाला भेटू देणे हे नियम डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले. ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही आहेत. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक कारण, महिला अधिकारी व दंडाधिकाऱ्याची परवानगी यांशिवाय अटक करता येत नाही. साक्षीसाठी स्त्रियांना आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यावयाचे असते. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असून तिची प्रत फुकट मिळते. कोठडीत मृत्यू झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झालीच पाहिजे. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो देते.

दुसरी गोष्ट, तक्रार लिहून करावी. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. तारीख, वेळ, ठिकाण घातलेला अर्ज आणि त्याची पोच टिकून राहते. मादन व श्रीकृष्ण या न्यायमूर्तींना सत्यापर्यंत पोहोचता आले ते सामान्य माणसांनी भीती सोडून शपथेवर जबाब दिले म्हणून. जमावाने ठाण्यावर चालून जाण्याने एका दिवसाचा राग शांत होतो, आणि पुढची दहा वर्षे पोरांना कोर्टाच्या तारखा पडतात. पालकांनी आपल्या मुलांना मोबाईलवर काय लिहावे, काय पुढे पाठवू नये, हेही आवर्जून सांगावे. एका वेड्या मजकुराने साऱ्या गावाची झोप उडते, हे आपण कोल्हापुरात पाहिले.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची. पोलीस भरतीची जाहिरात येते तेव्हा आपल्या किती मुलामुलींचे अर्ज जातात? शारीरिक चाचणीचा सराव, लेखी परीक्षेचा अभ्यास, मराठीवर प्रभुत्व यांची तयारी शाळेतूनच व्हावयास हवी. कायद्याच्या महाविद्यालयात किती मुली जातात? ठाण्यातल्या खुर्चीवर सर्व समाजांची माणसे बसली, की ठाण्याबाहेरच्या बाकावर बसणाऱ्याची धास्ती आपोआप कमी होते.

पोलीस बळ वापरणारच. चोर, दरोडेखोर, दंगलखोर यांच्यापासून रयतेचे रक्षण करण्यासाठी समाजानेच त्याला ते दिले आहे. लागेल तेवढेच बळ, कायद्याच्या वेशीच्या आत, आणि वापरल्यावर त्याचा हिशेब, एवढेच आपले मागणे आहे. चांदीचे पैंजण घडवणारा आपला कारागीर तोळ्या-मासाचा हिशेब चोख देतो. घट किती गेली हेही सांगतो. माणसाच्या जिवाचा हिशेब सरकारने त्याहून ढिला ठेवू नये. तो मागण्याचे धैर्य व ज्ञान ज्या पिढीत येईल, ती पिढी आपल्या वर्गांतून बाहेर पडो, हीच सदिच्छा.